उरवाईची दिगंबर शिल्पे आणि बाबरची नोंद : एक पुनर्वाचन

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर पश्चिमेकडून जाणारा रस्ता उरवाई घाटातून वर चढतो. रस्त्याच्या कडेच्या कातळात जैन तीर्थंकरांच्या मूर्ती ओळीने कोरलेल्या आहेत. काही उभ्या आहेत, काही पद्मासनात बसलेल्या. त्यांतील सर्वांत उंच उभी मूर्ती आदिनाथांची असून ती सुमारे ५७ फूट आहे. किल्ल्याच्या आग्नेय बाजूस ‘एक पत्थर की बावडी’पाशी असाच दुसरा मोठा समूह आहे व तेथील बैठ्या पार्श्वनाथांची उंची ४२ फूट आहे. तोमर राजा डुंगरसिंह आणि त्याचा पुत्र कीर्तिसिंह यांच्या कारकिर्दीत, पंधराव्या शतकाच्या मध्यापासून पुढे तीसेक वर्षांत, ही कामे प्रामुख्याने झाली. मूर्ती दिगंबर पंथाच्या, म्हणजे वस्त्ररहित आहेत. त्यांपैकी पुष्कळ मूर्तींचे चेहरे आणि गुह्यांगे फोडलेली आहेत. बाकीचे शरीर बरेचसे शाबूत आहे. काही चेहरे जैन समाजाने नंतर गिलाव्याने पुन्हा घडविले. दगडाच्या अंगावर गिलाव्याचा चेहरा लांबूनही ओळखू येतो.

ही मोडतोड कोणी केली याविषयी तर्क करण्याची गरज नाही. ज्याने हुकूम दिला त्यानेच तो लिहून ठेवला आहे. झहीरुद्दीन मुहम्मद बाबर सप्टेंबर १५२८ च्या अखेरीस ग्वाल्हेरला आला आणि आपल्या आत्मवृत्तात त्याने या मुक्कामाची सविस्तर नोंद केली. (अनेक पुस्तकांत १५२७ हे वर्ष दिलेले आढळते; बाबरनाम्यातील तारखा हिजरी ९३५ च्या मुहर्रम महिन्यातील आहेत, त्यामुळे १५२८ हेच वर्ष बरोबर आहे.) उरवाईच्या दरीविषयी तो लिहितो त्याचा आशय असा : तिन्ही बाजूंस एकसंध कातळ आहे, कातळात लहानमोठ्या मूर्ती कोरल्या आहेत, दक्षिणेकडील मोठी मूर्ती सुमारे वीस गजांची असेल, मूर्ती पूर्ण नग्न आहेत. जागा वाईट नाही, उलट बरीच चांगली आहे. दोष आहे तो या मूर्तींचा. म्हणून त्या नष्ट करण्याचा हुकूम त्याने दिला.

मजकूर एवढाच आहे. दहा ओळीही होणार नाहीत. परंतु या दहा ओळींवर आजवर जेवढे वाद झाले, त्या मानाने त्यांचे वाचन फारच थोडे झाले आहे.

दोन प्रचलित वाचने

या मजकुराचे एक वाचन असे की, बाबर मूर्तिभंजक होता व उरवाई हा त्याचा पुरावा होय. असे लिहिणारे लेखक बहुधा पुढचा मजकूर उद्धृत करीत नाहीत. ग्वाल्हेरच्या त्याच मुक्कामात बाबरने तेथील देवालये हिंडून पाहिली. ती त्याला आवडली. काही देवालये मदरशांसारखी आहेत, अशी तुलनाही त्याने केली. त्यांच्या भिंतींवरही मूर्ती होत्या, हे त्याने नमूद केले आहे. त्यांच्याविषयी मात्र असा कोणताही हुकूम त्याच्या मजकुरात नाही. मानसिंह तोमराच्या महालाचे त्याने मनापासून कौतुक केले आहे. म्हणजे मूर्ती दिसली की फोडावी, असा नियम या चार दिवसांच्या नोंदीतून तरी निघत नाही. निघते ते असे की, उरवाईच्या मूर्तींच्या बाबतीत त्याला खटकलेली वेगळी गोष्ट त्यांचे वस्त्ररहित असणे ही होती.

दुसरे वाचन याच निरीक्षणाचा आधार घेते आणि तेथेच थांबते. ते समाजातील अभ्यासकांच्या लेखनात व त्याहून अधिक वर्गातील तोंडी स्पष्टीकरणात आढळते. ‘बाबरने धर्मद्वेषाने काही केले नाही, त्याला केवळ अश्लीलता सहन झाली नाही’ असा त्याचा सूर असतो. हे म्हणताना म्हणणाऱ्याला आपण बाबरचा बचाव करीत आहोत असे वाटते. वर्गात बसलेल्या जैन विद्यार्थ्याला मात्र पहिल्या वाचनापेक्षा हे दुसरे वाचन अधिक लागते. मूर्तिपूजा मान्य नसणारा राजा त्याला समजू शकतो. असे राजे आणि असे पंथ इतिहासात अनेक झाले. पण आपल्या धर्मात जे सर्वांत पवित्र, त्यालाच अश्लील ठरवून त्या शब्दाखाली हुकमाचे समर्थन होते, हे त्याने कसे ऐकून घ्यावे? सांगली, कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव या पट्ट्यात दिगंबर जैन शेतकरी समाज मोठा आहे. तेथील कोणत्याही महाविद्यालयात मुस्लिम आणि जैन विद्यार्थी एकाच बाकावर असतात. म्हणून हा प्रश्न केवळ पुराभिलेखाचा राहत नाही.

दोन्ही वाचनांत एक गोष्ट समान आहे. पहिल्याला उरवाईच्या मूर्तींमध्ये केवळ ‘मूर्ती’ दिसते, दुसऱ्याला केवळ ‘नग्नता’. त्या मूर्ती कोणाच्या आहेत आणि त्यांच्या अंगावर वस्त्र का नाही, हे दोघेही विचारीत नाहीत. बाबरनेही विचारले नव्हते.

दिशा हेच वस्त्र

‘दिगंबर’ या शब्दातच उत्तराचा अर्धा भाग आहे. दिक् म्हणजे दिशा आणि अंबर म्हणजे वस्त्र. दिशा हेच ज्याचे वस्त्र, तो दिगंबर. मराठी माणसाला हा शब्द दत्तात्रेयामुळे घरचा आहे. घरोघरी मुलांचे नाव दिगंबर ठेवले जाते आणि ते ठेवताना कोणाच्या मनात संकोचाचा लवलेशही नसतो. नागडा, उघडा, नग्न, निर्वस्त्र या शब्दांपेक्षा हा शब्द वेगळ्या जागी उभा आहे, कारण वस्त्र ‘नाही’ असे तो म्हणत नाही.

जैन मुनिधर्मात वस्त्रत्याग हा अपरिग्रहाचा शेवटचा टप्पा आहे. घर सोडले, धन सोडले, नाते सोडले, तरी अंगावर लंगोटी आहे तोवर ‘माझे’ म्हणावे असे काही उरतेच. ती फाटली की दुसरी मागावी लागते, मळली की धुवावी लागते, धुताना पाण्यातील सूक्ष्म जीव मरतात, हरवली तर मन अस्वस्थ होते. म्हणून तीही नको. दिगंबर मुनीच्या जवळ मोरपिसांची पिच्छी आणि कमंडलू एवढेच असते. तो दिवसातून एकदा, उभ्याने, ओंजळीत अन्न घेतो आणि केस हाताने उपटतो. या सगळ्या व्रतांतून नग्नता वेगळी काढून पाहिली तर तिचा अर्थ हरवतो. तीर्थंकराची उभी मूर्ती ज्या स्थितीत असते तिला कायोत्सर्ग म्हणतात, म्हणजे देहाचा, देहाविषयीच्या ममत्वाचा त्याग. जिथे देहच सोडला आहे, तिथे देहावरचे वस्त्र ठेवून काय करायचे, असा तो विचार आहे.

येथे आणखी एक गैरसमज दूर व्हायला हवा. जैन मतात सृष्टीचा निर्माता ईश्वर मानलेला नाही. तीर्थंकर नवसाला पावत नाहीत, शिक्षा देत नाहीत, जग चालवीत नाहीत. त्यांनी रागद्वेष जिंकले म्हणून ते पूज्य. इस्लामी परंपरेत ज्याला शिर्क म्हणतात त्याची व्याख्या लावू पाहणाऱ्या मुस्लिम अभ्यासकाला येथे दोनदा विचार करावा लागेल. निष्कर्ष कदाचित तोच निघेल. पण तो तपासून निघालेला असेल.

महाराष्ट्रातील वाचकांना दिगंबर मुनी अपरिचित नाहीत. चिकोडी तालुक्यातील भोज गावचे आचार्य शांतिसागर (१८७२–१९५५) यांनी विसाव्या शतकात ही परंपरा पुन्हा जोमाने उभी केली, दक्षिणेतून उत्तरेपर्यंत पायी विहार केला व कुंथलगिरी येथे सल्लेखना घेऊन देह ठेवला. तरीही गैरसमज संपलेले नाहीत. ऑगस्ट २०१६ मध्ये जैन मुनी तरुणसागर यांनी हरियाणा विधानसभेत प्रवचन दिले, तेव्हा एका प्रसिद्ध गायकाने त्यांच्या वस्त्ररहित असण्याची समाजमाध्यमावर टर उडवली. पुढे त्याने माफी मागितली. हा गायक काही मूर्तिभंजक नव्हता. स्वतःला आधुनिक, उदार समजणाऱ्या वर्गातलाच होता.

बाबरची नजर

बाबर हा असामान्य निरीक्षक होता, हे त्याचे विरोधकही मान्य करतात. फळे, पक्षी, पाण्याची व्यवस्था, इमारतींची मापे, माणसांच्या सवयी, सगळे त्याने टिपले. कपडेही टिपले. हिंदुस्थानच्या वर्णनात लंगोट्याविषयी त्याची स्वतंत्र नोंद आहे : येथील शेतकरी व गरीब लोक उघडेच हिंडतात, बेंबीखाली एक कापड तेवढे बांधतात. स्त्रियांच्या साडीचे वर्णनही आहे. एक टोक कमरेला, दुसरे डोक्यावरून. फरगाण्याच्या थंडीत वाढलेला, चोगा, पगडी आणि खिलअत यांच्या दरबारी व्यवहारात मुरलेला हा माणूस. त्याच्या दृष्टीने पोशाख हे सभ्यतेचे माप होते. जितके अंग झाकलेले, तितका माणूस सुसंस्कृत.

या मापाने उरवाईकडे पाहिले की काय होते? शेतात राबणाऱ्या गरिबाचा उघडेपणा आणि तीर्थंकराचे दिगंबरत्व एकाच रकान्यात जाऊन बसतात. एकाला वस्त्र मिळत नाही. दुसऱ्याने ते टाकून दिले. पहिल्याला देऊ केले तर तो घेईल, दुसऱ्याला देणे हा त्याच्या व्रताचा भंग आहे. बाहेरून पाहणाऱ्याला दोघे सारखे दिसतात. मूर्तीची उंची गजांत मोजता येते, हा फरक तसा मोजता येत नाही. तो कोणाला तरी विचारावा लागतो.

आणखी एक संदर्भ लक्षात घेणे आवश्यक आहे. मार्च १५२७ मध्ये खानव्याच्या लढाईपूर्वी बाबरने मद्य सोडले, सोन्यारुप्याची पात्रे फोडून टाकली आणि विजयानंतर ‘गाझी’ ही पदवी धारण केली. ग्वाल्हेरची भेट त्यानंतर दीड वर्षाने झाली. तरुणपणच्या स्वतःच्या चुका मोकळेपणाने लिहिणारा बाबर आणि हा नव्याने पश्चात्ताप केलेला बाबर यांत अंतर आहे. तौबा केलेल्या माणसाची नजर काही काळ फार कडक असते, असे म्हणतात. हे स्पष्टीकरण आहे, समर्थन नव्हे.

इस्लामी परंपरेतील नग्नता आणि वस्त्र

बाबरच्या प्रतिक्रियेमागे केवळ दरबारी सवय होती असे मानणे अपुरे ठरेल. नग्नतेविषयीची तीव्र नापसंती इस्लामच्या इतिहासात खोलवर आहे. इस्लामपूर्व मक्केत बाहेरून येणारे काही अरब काबागृहाची प्रदक्षिणा नग्न होऊन करीत. ज्या कपड्यांत पाप केले त्या कपड्यांत अल्लाहच्या घराभोवती कसे फिरावे, अशी त्यामागची त्यांची धारणा भाष्यकारांनी नोंदवली आहे. कुरैशांकडून कपडे मिळाले तर ते नेसावे, नाहीतर उघडे फिरावे, असा रिवाज होता. हिजरी सन ९ मध्ये हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या हजमध्ये, यापुढे कोणीही नग्नावस्थेत प्रदक्षिणा घालू नये, अशी घोषणा झाली, ती करण्यासाठी पैगंबर मुहम्मद (स.) यांनी हजरत अली (रजि.) यांना पाठविले होते. सूरह अल-आराफमध्ये वस्त्र ही अल्लाहची देणगी म्हणून सांगितली आहे. लाज झाकणारे आणि शोभा देणारे वस्त्र सांगून झाल्यावर तक्व्याचे वस्त्र सर्वांत उत्तम म्हटले आहे. पुरुषाच्या सतराची मर्यादा बेंबीपासून गुडघ्यापर्यंत, हे बहुतेक फिकहपंथांचे मत सर्वपरिचित आहे. अशा परंपरेत वाढलेल्या मुस्लिमाला दिगंबरत्व स्वतःसाठी मान्य होणे शक्य नाही आणि तशी अपेक्षाही कोणी करीत नाही.

पण मक्केतील त्या निर्णयात एक बाब लक्षणीय आहे. तेथे ज्यांनी ही प्रथा बंद केली, त्यांना ती आतून ठाऊक होती. तिचे कारण माहीत होते, ती कोणाच्या सोयीची आहे हेही माहीत होते. ती त्यांच्याच शहराची, त्यांच्याच तीर्थाची प्रथा होती. उरवाईत यांपैकी काहीच नव्हते. एका धर्माने स्वतःच्या घरात केलेली सुधारणा दुसऱ्याच्या तीर्थावर हुकूम म्हणून लावली गेली.

शिवाय इस्लाममध्येही पवित्र वस्त्र दर वेळी अंग अधिक झाकणारेच असते असे नाही. इहराम हे त्याचे उदाहरण. पुरुष हाजीसाठी दोन न शिवलेल्या चादरी, डोके उघडे, आणि आगमनाच्या तवाफात उजवा खांदा उघडा ठेवण्याची रीत. ज्याला इहराम म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्याला लाखो सुशिक्षित, सधन माणसे टॉवेल गुंडाळून फिरताहेत असेच दिसेल. राजा आणि मजूर यांच्यातला शिवणकामाचा फरक मिटावा, कफनाची आठवण राहावी, हा त्याचा अर्थ हाजीला माहीत असतो, पाहणाऱ्याला नाही. येथेही वस्त्र कमी करण्यात काही सांगायचे आहे. दिगंबर मुनी ज्या दिशेने शेवटपर्यंत जातो, त्या दिशेने इहराम चार पावले जातो, असे म्हटले तर ते सर्वांना पटणार नाही. निदान दोन्ही परंपरा वस्त्राला केवळ कापड मानीत नाहीत, हे तरी पटावे.

सरमदचे प्रकरण याहून अवघड आहे. इराणच्या काशान शहरातील ज्यू घराण्यात जन्मलेला हा व्यापारी सिंधमधील ठठ्ठा येथे आला, तेथे त्याच्या मनात पालट झाला, त्याने वस्त्रे टाकली आणि पुढे दिल्लीत दारा शुकोहच्या निकटवर्ती मंडळीत तो गणला गेला. औरंगजेबाच्या कारकिर्दीच्या आरंभी त्याला देहदंड झाला. परंपरेने सांगितले जाते ते असे की, केवळ नग्नता हे देहदंडाला पुरेसे कारण मानले गेले नाही; कलमा अर्धाच म्हणण्याचा आरोप निर्णायक ठरला. फ्रेंच प्रवासी बर्निये याने दिल्लीच्या रस्त्यांवर सरमदला पाहिले होते व त्याला त्याची किळसच आली. आज जामा मशिदीच्या पायथ्याशी सरमदची कबर आहे आणि तेथे फुले वाहणाऱ्यांत मुस्लिमच अधिक असतात. बाबरच्या वंशजाच्या राजधानीत, मशिदीच्या सावलीत, वस्त्रहीन सूफीला समाजाने आपले म्हटले. त्याच समाजाच्या पुस्तकांत उरवाईच्या मूर्ती ‘अश्लील’ म्हणून उल्लेखिल्या जाव्यात, ही विसंगती अभ्यासकांच्या लक्षात यायला हवी होती.

विचारणारे

बाबरला विचारता आले असते काय? ग्वाल्हेरचा किल्ला मोगलांच्या ताब्यात आला तो शत्तारी सूफी शेख मुहम्मद गौस यांच्या मसलतीने, असे खुद्द बाबरनाम्यात आहे. याच शेख गौस यांनी पुढे, सोळाव्या शतकाच्या मध्यास गुजरातमध्ये असताना, ‘अमृतकुंड’ या योगविषयक ग्रंथावर आधारलेला ‘बहरुल हयात’ हा फारसी ग्रंथ सिद्ध केला. त्यात जोग्यांची आसने आणि श्वाससाधना यांचे विवेचन सूफी वाचकासाठी केलेले आहे. जोगी आणि जैन मुनी एक नव्हेत. परंतु अंगाला राख फासलेल्या, लंगोटीवर राहणाऱ्या साधकाजवळ बसून त्याचे शास्त्र समजून घेणारा मुस्लिम विद्वान ग्वाल्हेरचाच होता आणि बाबरच्या दरबारात त्याचा शब्द चालत होता. रहीमदाद या अधिकाऱ्याच्या माफीसाठी १५२९ मध्ये शेख गौस बाबरकडे गेले आणि बाबरने त्यांचे ऐकले. (ग्वाल्हेरला अशा नात्यांची परंपरा पुढेही राहिली, महादजी शिंदे यांचे गुरू बीडचे सूफी मन्सूर शाह होते, हे मराठी वाचकांना ठाऊक आहेच.)

बाबरनाम्याचे फारसी भाषांतर अब्दुर्रहीम खानखाना यांनी १५८९ मध्ये अकबराला सादर केले. उरवाईचा मजकूर अकबराच्या दरबारात कसा वाचला गेला असेल, याची कल्पना करण्याचा मोह होतो. कारण तोवर श्वेतांबर आचार्य हीरविजय सूरी अकबराला भेटून गेले होते आणि त्यांच्या विनंतीवरून ठराविक दिवशी प्राणिहत्या बंद करण्याची फर्माने निघाली होती. याच काळात अबुल फझल ‘आईन-ए-अकबरी’ लिहीत होता. त्यात जैन मतावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्या प्रकरणात त्याने एक कबुली दिली आहे : दोन्ही पंथ जाणणारा कोणी भेटला नाही, त्यामुळे दिगंबरांविषयीचे आपले लेखन अंधारात केल्यासारखे आहे, श्वेतांबर विद्वानांशी परिचय असल्याने त्यांच्याविषयी बरेचसे सांगता आले.

ही कबुली आणि बाबरचा हुकूम शेजारी ठेवून वाचावेत. दोघेही मुस्लिम, दोघेही फारसी-तुर्की संस्कृतीत वाढलेले, दोघांनाही दिगंबर मत ठाऊक नव्हते. एकाने न विचारता हुकूम दिला. दुसऱ्याने विचारणा केली, माहीतगार मिळाला नाही, तेव्हा तसे लिहून ठेवले. मुस्लिम विद्यापरंपरेत दोन्ही आहेत. वर्गात त्यांपैकी केवळ पहिले सांगितले जाते. कधी आरोप म्हणून, कधी बचाव म्हणून.

जैनांच्या घरातला वाद

परक्यालाच वस्त्राचा अर्थ कळत नाही आणि आतल्यांत सगळे एकमत असते, असेही नाही. वाशीम जिल्ह्यातील शिरपूर येथील अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मूर्तीवरून श्वेतांबर आणि दिगंबर यांच्यात जो वाद झाला, त्याचे मूळ मूर्तीच्या अंगावरील कटिसूत्र आणि कच्छोट, म्हणजे करदोटा व लंगोट यांच्या खुणांत होते. श्वेतांबरांनी मूर्तीला लेप देऊन त्या खुणा केल्या; दिगंबरांना तो आपल्या देवाच्या स्वरूपावरचा आघात वाटला. १९१० मध्ये दावा दाखल झाला आणि तो प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन १९२९ मध्ये श्वेतांबरांच्या बाजूने निकाली निघाला. तरी भांडण मिटले नाही. १९८१ पासून मंदिर बंद राहिले व सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये उघडले. बोटभर रुंदीच्या एका रेषेसाठी शंभर वर्षे. बाहेरच्याला हे हास्यास्पद वाटेल. ज्याच्यासाठी वस्त्राचा अभाव हाच मूर्तीचा अर्थ आहे, त्याला ती रेषा म्हणजे मूर्तीच बदलल्यासारखे वाटते. उरवाईच्या हातोड्याने काय तोडले, हे शिरपूरच्या लेपावरून अधिक चांगले समजते.

वर्गातील हिजाब

आता उलट बाजू. जानेवारी २०२२ मध्ये उडुपीच्या एका शासकीय कनिष्ठ महाविद्यालयातील मुलींना हिजाब घालून वर्गात बसू दिले नाही, यावरून कर्नाटकात मोठा वाद झाला. १५ मार्च २०२२ रोजी उच्च न्यायालयाने हिजाब ही इस्लाममधील अत्यावश्यक धार्मिक प्रथा नाही, असा निर्णय दिला; १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. २०२४ मध्ये मुंबईतील चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब, टोपी, बॅज इत्यादींवर बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाने जूनमध्ये विद्यार्थिनींची याचिका फेटाळली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदीच्या त्या भागाला अंतरिम स्थगिती दिली. कायद्याची चर्चा बाजूला ठेवू. त्या काळात समाजमाध्यमांवर, वृत्तवाहिन्यांवर आणि शिक्षकांच्या खोलीत जे बोलले गेले, त्याचा साचा ओळखीचा आहे. जागा चांगली आहे, विद्यार्थिनी हुशार आहेत, दोष आहे तो या वस्त्राचा. म्हणून ते काढावे. ते घालणाऱ्या मुलीसाठी त्याचा अर्थ काय, तिने ते कोणाच्या सांगण्यावरून घातले की स्वतःहून, ती कधी घालते आणि कधी घालत नाही, हे तिला विचारून मग मत बनविणारे थोडे होते.

हिजाब आणि दिगंबरत्व ही वस्त्राची दोन टोके आहेत. एकात झाकणे हे व्रत, दुसऱ्यात न झाकणे. हुकमाचा आवाज मात्र दोन्हीकडे एकच. म्हणून समाजाच्या महाविद्यालयांत हिजाबविषयी समजुतीची मागणी करणाऱ्या अध्यापकाने बाबरनाम्यातील उरवाईचे पान टाळून चालत नाही. ते पान विद्यार्थ्यांसमोर पूर्ण ठेवावे लागेल, पुढच्या मुक्कामातील देवालयांच्या कौतुकासह आणि हुकमासह. ‘अश्लील’ हा शब्द आला तर तो फळ्यावर लिहून त्याच्यासमोर ‘दिगंबर’ हा शब्द लिहावा आणि वर्गात जैन विद्यार्थी असेल तर त्याला बोलू द्यावे. सूरह अल-अनआमच्या १०८ व्या आयतीत इतर लोक ज्यांना पुकारतात त्यांना शिवीगाळ करू नये अशी स्पष्ट मनाई आहे. पवित्र मूर्तीला अश्लील म्हणणे त्या मनाईत बसते की नाही, यावर दीनियातच्या तासाला चांगली चर्चा होऊ शकेल.

बाबरच्या या मुक्कामातील आणखी एक नोंद विद्यार्थ्यांना दाखवण्याजोगी आहे. रहीमदादने किल्ल्यावर बाग केली होती. तीत लाल कण्हेर फुललेली होती. हिंदुस्थानात अन्यत्र पाहिलेल्या कण्हेरीहून हिचा रंग वेगळा, गडद आहे, हे बाबरच्या लगेच ध्यानात आले. त्याने तिची रोपे घेतली, आग्र्याला नेली आणि आपल्या बागांत लावली.